खडूचा डबा घेऊन नांदेड-लातूरला

मराठवाड्यातून घरी परतले तेव्हा माझ्या बॅगेत सात शाली आणि नऊ नारळ होते. आमच्या घरामागे अठ्ठावीस माड आहेत. ह्यांनी एकेक नारळ काढून पडवीत रांगेने मांडला, प्रत्येकाला टिचकी मारून पाहिली आणि गंभीरपणे म्हणाले, "बरं झालं आणलेस. आपल्याकडे नारळाची अडचणच होती." मी बॅग घेऊन सरळ आत गेले. आठ दिवसांच्या प्रवासाने माणूस थकलेले असते आणि शिवाय त्यांचा टोमणा रास्तच होता.

मी नारळ आणायला गेले नव्हते, हे आधी सांगते. राजापूर तालुक्यातल्या एका शाळेत सव्वीस वर्षे मुख्याध्यापकी करून मी निवृत्त झाले आणि तेव्हापासून एका संस्थेच्या वतीने मुख्याध्यापकांना शिकवत फिरते. काय शिकवते? शाळा कशी चालवावी. माझ्या शिबिराची सुरुवात ठरलेली असते. मी पत्र्याचा एक जुना बिस्किटांचा डबा टेबलावर ठेवते आणि सगळ्यांना म्हणते, खिशातला खडू काढा आणि यात टाका. तुम्ही आता शिक्षक नाही, शाळेचे चालक आहात. वर्ग शिक्षकांना घेऊ द्या. टाळ्या पडतात. पुण्यात पडल्या, साताऱ्यात पडल्या. मला या डब्याचा थोडा गर्वच झाला होता.

नांदेड

जानेवारीतले दिवस. कोकणात आम्ही ज्याला थंडी म्हणतो तिला इथली माणसे हसतील. सकाळी गोदावरीच्या घाटावर गेले तर पाण्यावरून वाफ निघत होती आणि माझ्या दातांचा आवाज मलाच ऐकू येत होता. एका माणसाने नदीत बुडी मारली, बाहेर येऊन अंग पुसले आणि माझ्या स्वेटर, शाल, कानटोपीकडे पाहून विचारले, "बाईसाब, तब्येत बरी न्हाई का?"

शिबिर एका शाळेच्या सभागृहात होते. दोन्ही जिल्ह्यांतले बावन्न मुख्याध्यापक. आत गेले आणि माझी गंमत झाली. पहिल्या तीन रांगा रिकाम्या, शेवटच्या दोन रांगांत माणूस मावत नाही. एकजण खिडकीजवळच्या जागेसाठी भांडत होता. भोकरकडचे एक सर शेजारच्याची सही हजेरीवर करताना मी रंगेहाथ पकडले, तर म्हणाले, "यायलेत म्याडम, एस्टी लेट हाय." ती एस्टी दुपारी जेवणाच्या वेळेला बरोबर पोचली. जन्मभर ज्या गोष्टींसाठी पोरांना अंगठे धरून उभे केले, त्या सगळ्या गोष्टी ही मंडळी मजेत करत होती. मी त्यांना पुढे बोलावले, तर सगळे एकदम खाली पाहायला लागले.

पहिल्या सत्राचा विषय होता वेळेचे नियोजन. वेळ साडेदहाची. साडेदहाला सत्कार सुरू झाले. इथे पाहुणा आला की शाल, नारळ, गुच्छ हे झालेच पाहिजे, आणि ते एकट्या पाहुण्याचे होऊन भागत नाही. ज्यांच्या शाळेत शिबिर त्यांचा सत्कार, ज्यांनी मंडप दिला त्यांचा, ज्यांनी सत्काराचे सूत्रसंचालन केले त्यांचा. आमच्याकडे पाहुण्याला पाणी आणि गुळाचा खडा दिला की तो लगेच कामाचे बोलायला लागतो. पावणेबाराला मी शाल खांद्यावर आणि नारळ कुशीत घेऊन माइकसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "आपल्या शाळांचा सर्वांत जास्त वेळ कशात जातो?"  मग सगळे सभागृह खो खो हसायला लागले. माणसे गोड आहेत. स्वतःवर हसता येणाऱ्यांना शिकवायला मला आवडते.

मग मी डबा काढला. खडू पडू लागले. कुणी मुद्दाम शेजारच्या वर्गातून आणून टाकले. शेवटी एक गृहस्थ आले. उंच, सडपातळ, पांढरा शर्ट, पंचेचाळिशीचे असावेत. डब्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्याकडं खडू न्हाई." त्यांच्या शर्टाच्या खिशावर तळहाताएवढा पांढरा डाग होता.

हे बिराजदार सर. लातूर जिल्ह्यातले, भूकंपाच्या पट्ट्यातले. बावन्न जणांत हे एकटेच प्रभारी होते, म्हणजे खुर्ची मुख्याध्यापकाची पण नेमणूक कच्ची. त्यांच्या संस्थेने आमच्याकडे पत्र पाठवले होते की या गृहस्थांना कायम करावे की नाही यावर तुमचा लेखी अभिप्राय द्यावा. शिबिरानंतर त्यांच्या शाळेत जाऊन मलाच तो लिहायचा होता. त्यामुळे मी त्यांच्याकडे जास्त लक्ष ठेवून होते आणि मला त्यांची जास्त चीड येत होती. गटचर्चेत गप्प. नाट्यप्रसंगात त्यांना रागावलेल्या पालकाशी बोलायचे होते, तर ते पालकाला म्हणाले, "तुमचं बरोबर हाय," आणि जागेवर जाऊन बसले. शेवटच्या दिवशी मी लेखी चाचणी घेते. त्यांनी पेपर कोरा दिला. मागच्या पानावर फक्त एक वर्तुळ आणि त्याला बाहेरच्या बिंदूतून काढलेल्या दोन स्पर्शिका होत्या, त्याही कंपासशिवाय, आणि अशा नेटक्या की माझ्या रागात भर पडली.

मधल्या दिवसांचे दोन प्रसंग सांगायलाच हवेत. अर्धापूरचे एक सर मला त्यांची केळीची बाग दाखवायला घेऊन गेले. आमच्याकडे परसात सांडपाण्यावर चार केळी वाढतात, तीही आपल्या मर्जीने. इथे केळीचे सैन्य उभे होते, ओळीत, एका उंचीचे. मी एक घड हौसेने स्वतः तोडायला गेले आणि त्याचा चीक पांढऱ्या साडीवर उडाला. तो डाग जात नाही हे कोकणातल्या बाईला ठाऊक असायला हवे होते. सरांच्या घरी सुशीला खाल्ला. चुरमुऱ्यांचा, पोह्यांसारखा फोडणीचा पदार्थ. मी दोनदा मागून घेतला आणि डागाचे दुःख विसरले.

दुसरा प्रसंग गुरुद्वाऱ्याचा. एका दुपारी आम्ही सगळे लंगरला गेलो. बावन्न मुख्याध्यापक जमिनीवर एका ओळीत, डोक्याला रुमाल बांधून. कुणाचा सत्कार नाही, कुणाला खुर्ची नाही. मी रोटीसाठी एक हात पुढे केला, तर वाढणारे म्हातारे सरदारजी हसून थांबले आणि त्यांनी स्वतःच्या दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवली. मी शहाण्यासारखे दोन्ही हात पुढे केले. थोड्या वेळाने पाहते तर बिराजदार सर ओळीत नव्हते. ते डाळीची बादली घेऊन वाढत होते, आणि प्रत्येकाच्या ताटाकडे वाकून पाहत होते. ज्याला हवे त्याला न विचारता वाढत होते, ज्याला नको त्याच्या पुढे थांबत नव्हते. शिबिरात ढिम्म बसणारा माणूस हाच का, असे मनात आले. पण मी त्यावर पुढे विचार केला नाही. डाळ फार चांगली झाली होती.

लातूर

नांदेडहून लातूरला जाताना एस्टीने अहमदपूरच्या अलीकडे म्हशीसाठी करकचून ब्रेक मारला आणि माझ्या पिशवीतले पाचही नारळ सीटखालून घरंगळत थेट ड्रायव्हरच्या पायाशी गेले. कंडक्टरने ते एकेक करून गोळा केले आणि आदराने विचारले, "कोण्या देवाला चाललाव, बाई?" मी म्हटले, "शाळेला." त्याला ते पटले नसावे, पण त्याने मला पुढची सीट दिली.

लातूर म्हणजे फोटोंचे गाव. चौकाचौकात, विजेच्या खांबांवर, रिक्षांच्या पाठीवर पोरापोरींचे फोटो आणि खाली त्यांचे गुण. आमच्याकडे इतके फोटो फक्त निवडणुकीत लागतात. सकाळी पाचला मी खिडकीतून पाहिले तर रस्त्यावर सायकलींची रांग, प्रत्येकीवर मफलर गुंडाळलेले एक मूल, आणि सायकल चालवता चालवता काही जणांचे ओठ हलत होते. सूत्रे पाठ करत असावीत. एका क्लासमधून दुसऱ्या क्लासमध्ये, मग कॉलेज, मग पुन्हा क्लास. मला त्यांचे कौतुकही वाटले आणि त्यांना पकडून दोन तास झोपवावेसेही वाटले.

दोन शाळा पाहिल्या, चार नारळ मिळाले. जेवायला मी एका खाणावळीत जात असे. दोन खोल्या, पुढच्या खोलीत आठ पोरी जेवायच्या आणि मागच्या खोलीत सुलोचनाबाई भाकऱ्या थापायच्या. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. तिखट असे की मला कानात आवाज येऊ लागला. पाण्याचा पेला इथे अर्धाच भरतात, आणखी हवे तर मागायचे. पाणी कधी येईल याचा नेम नाही, म्हणून. परसात विहीर असलेल्या मला पहिल्या दिवशी तो अर्धा पेला कद्रूपणा वाटला आणि दुसऱ्या दिवशी माझी मलाच लाज वाटली.

"तुम्ही इथल्याच का?" मी विचारले.

"न्हाई. मी औश्याकडची, भूकंपाच्या पट्ट्यातली." भाकरी उलटत त्या म्हणाल्या. "पोरगी दहावीला हाय. तिच्यासाठी खोली केली. मग म्हटलं, एका पोरीचं रांधायचंच हाय तर आठ जणींचं रांधावं. नवरा अन् सासू गावाकडं हायेत."

"गावात शाळा नाही?"

"हाय की. चांगली हाय. पण गणिताचे सर हेडमास्तर झाले अन् तवापासून वर्गात यायलेच न्हाईत. सारखं हापिसात. पोरगी म्हनली, मम्मी, गणित हातातून चाललं. बिराजदार सर वर्गावर असते तर मी कशाला आले असते हितं?"

माझा घास हातातच राहिला. "बिराजदार सर इतके चांगले शिकवतात?"

"मला इचारता?" त्या हसल्या. "मी सातवी नापास. भूकंप झाला त्या साली लिंबाखाली बसून मला तेराचा पाढा आला, बघा." आणि त्यांनी तो परातीवर बोटे वाजवत म्हणून दाखवला, तेरा दाहे तीसाशे थेट. बाहेर जेवणाऱ्या आठही पोरींनी शेवटच्या ओळीला साथ दिली.

बिराजदार सरांचे गाव

भूकंपानंतर नव्या जागी वसवलेल्या गावाला वळणे नसतात. सरळ रस्ते, सारखी घरे, घरांवर आकडे. आमच्या गावात पत्ता सांगायचा तर फणसापासून डावीकडे असे सांगतात. इथे एका म्हाताऱ्याने मला सांगितले, "सरळ जावा, सरळच हाय समदं." शाळा गावाच्या टोकाला होती, बैठी, जाड भिंतींची, आणि तिच्या शेजारी एक मोठा लिंब. झाड जुने, शाळा नवी. झाड पाहून शाळेची जागा ठरली होती, हे मला नंतर कळले.

मी दहा पंचवीसला पोचले. बिराजदार सर फाटकात उभे. त्यांनी नमस्कार केला, पाण्याचा पेला दिला आणि थेट कामाला सुरुवात केली. शाल नाही, नारळ नाही. "तुम्हीच सांगितलं न्हवं, सत्कारात तास जातो," ते म्हणाले. म्हणजे बावन्न जणांत माझे ऐकले होते ते या कोऱ्या पेपरवाल्याने. मी त्यांचे तोंडभरून कौतुक केले. खरे सांगायचे तर मनातल्या मनात दहावा नारळ न मिळाल्याची थोडी रुखरुख लागली, आणि माणूस किती लवकर बिघडतो याचे नवल वाटले.

ऑफिसात बसलो. पहिला तास सुरू झाल्याची घंटा झाली. सर उठले, तेवढ्यात ग्रामपंचायतीचे एक सदस्य आले. "बसा," सर म्हणाले. चहा आला. सदस्यांना काही काम नव्हते. ते माझ्याकडे पाहत बसले. ते गेले, मग दाखल्यासाठी एकजण. चहा. मग त्याच्याबरोबर आलेला त्याचा मेहुणा, त्याला वेगळा चहा. मग गावातल्या देवळाच्या वर्गणीबद्दल दोघे. इथे आलेल्या माणसाला चहा न देता पाठवणे म्हणजे घरातून हाकलणे, आणि चहा देऊन आपण उठून जाणे तर त्याहून वाईट. समोर बसून, फुंकर घालत, त्याच्याबरोबर प्यायचा. साडेअकरापर्यंत मी पाच कप प्यायले होते आणि सरांनी सात. शिपाई गुंडेराव कपांचा ट्रे घेऊन असा फिरत होता की शाळेत तोच एक तास चालू आहे असे वाटावे.

मधल्या प्रत्येक कपाला सर खिडकीतून समोरच्या वर्गाकडे पाहत. दहावीचा वर्ग. आत एक मुलगी फळ्यावर पुस्तकातली गणिते उतरवून देत होती आणि बाकीचे लिहून घेत होते. सरांचा हात आपोआप खिशाकडे जायचा आणि परत यायचा.

शेवटी आम्ही दोघेच उरलो. मी माझा कागद टेबलावर ठेवला. त्यावर छापले होते, मुख्याध्यापकपदास योग्य / अयोग्य, नको तो शब्द खोडावा.

"सर, पेपर कोरा का दिलात?"

"येत न्हवतं."

"खोटं बोलता तुम्ही."

ते हसले, पण ते हसू टिकले नाही. "म्याडम, मुद्दाम दिला. तुम्ही मला अयोग्य लिहा. संस्था दुसरा माणूस आणंल अन् मी वर्गात जाईन. दहावीची निम्मी पोरं लातूरला गेली. जूनपर्यंत नववीतली अजून सहा गेली की पुढची दहावीची तुकडी बंद. ज्या पोरांच्या बापाची लातूरला धाडायची ऐपत न्हाई, त्यांनी काय करायचं? ही पोरं मी भूकंपाच्या साली पाढ्यापासून उचलली हायेत. छताखाली जायला भ्यायची, म्हणून लिंबाखाली घेतली. अन् आता मी हितं बसून चहा पिऊन राहिलो."

 तुम्ही आता शिक्षक नाही, असे मी याच माणसाला माइकवरून सांगितले होते. आणि मला माझी शाळा आठवली. मी भूगोलाची बाई. मुख्याध्यापक झाले त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत भूगोलाचा एकही तास घेतला नाही, आणि ते मी मिरवत आले. कुठल्या मुलाला मोसमी वारे समजले आणि कुठल्याला नाही, हे मला त्या वर्षांत एकदाही ठाऊक नव्हते. मला वाईट वाटले. त्या ऑफिसात, पाच कप चहा पोटात असताना, अगदी मनापासून वाईट वाटले.

"पण मी अयोग्य लिहिलं तर ते खोटं होईल," मी म्हटले.

"योग्य लिहिलं तर पोरं जातील."

"कोण अयोग्य?" दारातून आवाज आला.

संस्थेचे अध्यक्ष आले होते. सगळे गाव त्यांना आप्पा म्हणते. सत्तरीचे, कपाळावर भस्माचे पट्टे, डोक्याला रुमाल, हातात काठी. सरांनी उठून खुर्ची दिली आणि गुंडेराव न सांगता चहाला वळला. रोज या वेळेला आप्पा येतात आणि दोन चहा होईपर्यंत बसतात, हे मला त्या वळण्यावरूनच कळले.

माझा स्वभाव जरा फटकळ आहे. नोकरीत त्याने मला दोनदा अडचणीत आणले आहे. पण आता मी निवृत्त होते. "आप्पा, राग मानू नका," मी म्हटले. "सर अयोग्य नाहीत. त्यांचा वेळ चहात जातो. पोरं त्यामुळे लातूरला जातात. आणि त्यातला बराच चहा तुमच्याबरोबर होतो."

गुंडेराव ट्रे घेऊन दारातच थिजला. बिराजदार सरांनी डोळे मिटून घेतले.   मी मनात स्वतःला म्हटले, चला खातूबाई, बॅग उचला, बस किती वाजता आहे?

"सर," आप्पा सावकाश म्हणाले, "लिंबाखाली शाळा होती तवा मी रोज यायचो. आठवतंय? घर पडलेलं, मळ्यात जीव लागत न्हवता. समदं गाव येऊन पोरांच्या मागं बसायचं. मला सतराचा पाढा तवाच आला."

"आठवतंय, आप्पा."

"तवा मला चहा कोण पाजत होतं?"

"कुणीच न्हाई."

"मग मी उठून जात होतो का?" आप्पांनी काठी टेकली आणि उभे राहिले. "मला वाटलं, हेडमास्तर झालाव, आता तुमच्यापाशी हापिसातच बसावं लागतंय. गुंडेराव, चहा ठिव तितं. कोणता तास हाय आता?"

"गणिताचा," बिराजदार सर म्हणाले. ते तोवर दाराशी पोचले होते.

आम्ही तिघे वर्गात गेलो. आप्पा शेवटच्या बेंचवर बसले आणि मला शेजारी बसायची खूण केली. बेंच पोरांच्या मापाचा होता. आप्पांचे गुडघे वर आले आणि माझी बॅग नारळांसकट पायाखाली ठेवावी लागली. सरांनी खिशातून खडू काढला. तोच, जो माझ्या डब्यात पडला नव्हता.

मी पुष्कळ शिक्षक पाहिले आहेत. सर मोठ्याने बोलत नव्हते, हातवारे करत नव्हते. ते लंगरमध्ये डाळ वाढत होते तसे शिकवत होते, प्रत्येकाच्या वहीकडे वाकून. मग एकदम त्यांनी मागे पाहिले. "म्याडम, एक मोटर हौद सहा तासांत भरते, दुसरी तीन तासांत. दोन्ही लावल्या तर किती तास?"

मी आत्मविश्वासाने म्हटले, "साडेचार."

वर्ग हसून लोळला. आप्पा माझ्याकडे झुकून कानात म्हणाले, "बाई, एकटी दुसरीच तीन तासांत भरते की." फळ्याजवळच्या मुलीने सरांच्या खुणेवरून रीत मांडली आणि उत्तर काढले, दोन तास. खिडकीकडची एक मुलगी बसल्या जागेवरून म्हणाली, "लाइट असली तर, सर." सरही हसले. त्या हसण्यात मला पहिल्यांदा दिसले की हा माणूस इतके दिवस किती उपाशी होता.

तास चालू असताना दोघे आले. एकाला दाखला हवा होता, दुसरे सकाळचेच सदस्य होते. गुंडेरावाने त्यांना वर्गाच्या दाराशी आणले. आप्पांनी काठीनेच बेंच दाखवला. दोघे गपचूप बसले, आणि तास संपल्यावर सगळ्यांना चहा मिळाला.

मी माझा अभिप्राय त्याच बेंचवर बसून लिहिला. अयोग्य हा शब्द खोडला. खाली लिहिले, यांना कायम करावे, एका अटीवर. रोजचे पहिले दोन तास यांनी दहावीचे गणित स्वतः घ्यावे. त्या वेळेत भेटीस येणाऱ्या प्रत्येकास, अध्यक्षांसह, दहावीच्या वर्गात मागील बेंचवर बसवावे. चहा तासानंतर. मी तो आप्पांना वाचून दाखवला. त्यांनी 'अध्यक्षांसह' या शब्दावर बोट ठेवले, जरा विचार केला आणि खाली सही केली.  बिराजदार सरांनी खडूचे हात शर्टाला पुसले.

संध्याकाळी आप्पांच्या मळ्यात हुरडा खाल्ला. कोवळी ज्वारीची कणसे गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजायची, तळहातावर चोळायची आणि गरम दाणे चटणी-गुळाबरोबर तोंडात टाकायचे. चोळण्याची माझी पद्धत पाहून आप्पांच्या सुनेने कणीस माझ्या हातातून काढूनच घेतले. निघताना मी बॅगेतले नारळ त्यांना देऊ केले. आप्पा म्हणाले, "सत्काराचा नारळ परत घेत न्हाईत." बसमध्ये बसताना सरांनी माझ्या हातात घडी घातलेला एक कागद दिला. त्यावर त्यांच्या नेटक्या अक्षरात एक गणित होते. दोन मोटरी हौद भरतात आणि एका भेगेतून पाणी गळते. "घरी सोडवा," ते म्हणाले.

मी ते पडवीत बसून, नारळांच्या रांगेशेजारी, सोडवले आणि पोस्टाने पाठवून दिले. पुढचे शिबिर सांगलीला झाले. तिथे मी खडूचा डबा काढला नाही. त्याऐवजी सगळ्यांना विचारले, तुम्ही पूर्वी कोणता विषय शिकवत होता? एकेकाचे बोलणे संपता संपेना.

जूनच्या शेवटी लातूरकडचे पाकीट आले. आत बिराजदार सरांचे छोटे पत्र होते. चारजण गेले, दोन परत आले, तुकडी राहिली. परत आलेल्यांपैकी एक सुलोचनाबाईंची धाकटी पुतणी, लातूरला काकूकडे राहायला गेलेली. आप्पांसाठी वर्गात खुर्ची ठेवली होती, ती त्यांनी ऑफिसात परत पाठवली. तुमची जागा त्यांच्या शेजारी रिकामी ठेवली आहे.

पत्रामागे माझे गणित होते. तपासलेले. लाल शाईने उत्तराभोवती गोल, आणि खाली बिराजदार सरांचा शेरा: "रीत बरोबर. मधली एक पायरी गाळली आहे. पुन्हा सोडवून आणावे."